वाटा कसा काढायचा ते आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एकाने लिहिलं होतं की वाडीवरच्या लहान देवळांना रोजच्या पूजेला भटजी मिळत नाहीत, मिळाले तर कमिटीला पगार परवडत नाही, आणि मग संध्याकाळचा दिवा लावायला शेजारच्या घरातलं कोणीतरी धावत जातं. वाचताना वाटलं आमच्याच वाडीचं लिहिलंय. आमच्याकडे (फोंडा तालुक्यातच) पायी अर्ध्या तासात पाच देवळं येतात. पाच कमिट्या, पाच पावतीपुस्तकं, जत्रेला मांडववाला वेगळा, साऊंडवाला वेगळा, आणि भटजी मात्र एकच, तो बिचारा सकाळी स्कूटरवरून पाचही ठिकाणी फिरतो आणि प्रत्येक कमिटी त्याला स्वतःला जमेल तेवढं देते. दोन वर्षांपूर्वी सगळे बसलो की त्याचा पगार एकत्र करून नीट देऊया. तीन मीटिंग झाल्या. चौथीला कोणी आलंच नाही. भांडण देवावरून नव्हतं की मानपानावरून पण नव्हतं, भांडण एवढंच की पाच सारखे भाग करायचे, का घरं मोजायची, का जत्रेची आवक बघायची. आमच्या वाडीवर घरं थोडी म्हणून आमचं म्हणणं घरं मोजा, शेजारच्यांची जत्रा मोठी म्हणून त्यांना आवक नको होती, आणि प्रत्येकाला आतून भीती की आपला फंड दुसऱ्याच्या देवळाच्या छपरावर, कौलांवर जाणार.

मी एकतीस वर्षं एका क्रेडिट सोसायटीत हिशेब लिहिला, आता रिटायर आहे. हे कोडं मला तेव्हा सुटलं नव्हतं. सुटलं कुठे म्हणाल तर इंग्लंडमधल्या एका खेड्यात, तिथल्या अँग्लिकन चर्चच्या हॉलमध्ये, आणि म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबेल, पण कृपा करून छापा.

माझी मुलगी स्विंडनच्या बाजूला एका गावात राहते. स्विंडनला आपले गोंयकार किती आहेत ते तुमच्या वाचकांना सांगायला नको. तिच्या बाळंतपणाला मी सहा महिने गेले होते. बाळ जरा मोठं झाल्यावर गुरुवारी गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये लहान मुलांचा ग्रुप भरायचा तिथे जायला लागलो, खेळणी, चहा, बिस्किटं, कोणी धर्म विचारत नाही. तिथे चहा देणारी एक म्हातारी बाई, रिटायर शाळामास्तरीण, तीच त्या चर्चची ट्रेझरर. मी हिशेबातली आहे कळल्यावर तिने एक दिवस मला दानाची पाकिटं मोजायला बसवलं, आणि नंतर दर गुरुवारी माझा तासभर तिच्या वह्यांत जायला लागला. इंग्रजी माझं यथातथा पण जमाखर्चाला भाषा कमीच लागते.

आपल्याकडे चर्च म्हटलं की रोमन कॅथलिक, पोप, आर्चबिशप, जुनं गोवें. अँग्लिकन म्हणजे १५३४ मध्ये पोपपासून वेगळं झालेलं इंग्लंडचं चर्च. गोव्यात त्यांची खूण शोधायची तर दोना पावलाला राजभवनाच्या वाटेवर इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे, नेपोलियनच्या लढायांच्या काळात इंग्रज फौज इथे येऊन राहिली होती त्याची आठवण. आणि जरा बाहेर बघितलं तर २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्चमंडळ्या एक झाल्या, त्यातली एक आपल्या देशातले अँग्लिकन, त्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, मुंबई, नाशिक, कोल्हापूरकडचे कितीतरी मराठी ख्रिस्ती त्यातलेच. म्हणजे विषय वाटतो तेवढा परका नाही.

तर त्या खेड्याचं सांगते. गाव लहान, चर्च मात्र शेकडो वर्षांचं दगडी, आणि रविवारी आत मोजकी माणसं. शेजारची गावं पण तशीच. पूर्वी प्रत्येक गावाला स्वतःचा व्हिकर म्हणजे पाद्री होता (आपण इथे विगार म्हणतो तोच शब्द). आता पाच गावांना मिळून एक. त्या जोडणीला ते बेनिफिस म्हणतात. पण, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटलं, व्हिकर एक झाला म्हणून गावं एक झाली नाहीत. प्रत्येक पॅरिशची, म्हणजे एका चर्चखालच्या गावाची, स्वतःची कमिटी आहे, पॅरोकियल चर्च कौन्सिल, तिला सगळे पीसीसी म्हणतात. स्वतःचे दोन चर्चवॉर्डन (चर्चची देखरेख करायला निवडलेले गावकरी), स्वतःचा ट्रेझरर, स्वतःचं बँक अकाउंट. वर्षाला एकदा जनरल मीटिंग, ती ३१ मेच्या आत घ्यायचीच, आणि हिशेब आधी बाहेरच्या स्वतंत्र माणसाकडून तपासून मग लोकांपुढे ठेवायचा. इमारतीची डागडुजी पण त्याच कमिटीच्या डोक्यावर, सरकार करत नाही की बिशप करत नाही.

चर्चवॉर्डन निवडायच्या मीटिंगला मत कोणाला तर त्या पॅरिशमध्ये राहणाऱ्या आणि तिथल्या मतदार यादीत नाव असलेल्या कोणालाही, धर्म कुठलाही असो. माझ्या मुलीचं नाव त्या यादीत आहे म्हणजे ती सुद्धा हात वर करू शकते. हे ऐकून मी गप्पच झाले. आमच्या वाडीवर मीटिंगला बायका बसतात, प्रसाद बायका करतात, फुलं बायका आणतात, पण वहीवर सही पुरुषाची. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

पाच गावं आणि एक व्हिकर, मग रविवारचं काय? दाराला महिन्याचा कागद लावलेला असतो. पहिल्या रविवारी या गावात मोठी प्रार्थना, दुसऱ्याला त्या गावात, जिथे व्हिकर पोचत नाही तिथे गावातलाच शिकून लायसन्स घेतलेला माणूस, त्याला रीडर म्हणतात, तो प्रार्थना घेतो. आणि ज्या महिन्यात पाचवा रविवार येतो त्या दिवशी पाचही गावं एकाच चर्चमध्ये, पुढच्या वेळी दुसऱ्या गावात. त्या दिवशी चहा यजमान गावाचा. ट्रेझरर बाई सांगत होती की सुरुवातीला लोक दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जायला तयार नव्हते, दोन मैलांवर असून, आमची घंटा ती आमची घंटा. पाचव्या रविवारच्या चहाने ते हळूहळू सुटलं. आपल्या सप्ताहाला वाड्यावाड्यांना तास वाटून देतात आणि भजन खंडू देत नाहीत, तसंच काहीसं, फक्त यांचं बाराही महिने.

आता पैशाचं, ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहितेय.

पूर्वी तिथे पाद्रीचा पगार म्हणजे त्याच्या गावाची जी काय जमीन आणि जो काय दशांश (पिकाचा दहावा हिस्सा), तेवढाच. श्रीमंत गावचा पाद्री सुखात आणि गरीब गावचा उपाशी, काम दोघांचं तेच. हे बरोबर नाही हे त्यांना कळत होतं पण सुधारायला पिढ्या गेल्या. १७०४ मध्ये क्वीन अॅन राणीने गरीब पाद्रींसाठी फंड काढला, १८३६ मध्ये चर्चच्या मिळकतीसाठी कमिशनर नेमले, आणि १९४८ मध्ये ते दोन्ही एकत्र करून चर्च कमिशनर्स झाले. जमिनीवरचा दशांश १९३६ च्या कायद्याने संपवायला घेतला. आणि पाद्रीच्या जागेला जोडलेली शेतजमीन, तिला ग्लीब म्हणतात, ती १९७६ मध्ये नियम करून १९७८ पासून गावाकडून काढून डायोसीसच्या म्हणजे बिशपच्या विभागाच्या एकत्र खात्यात घातली, तिचं उत्पन्न सगळ्यांच्या पगाराला. आपल्या गावाची जमीन अशी वर जाताना लोकांना वाईट वाटलंच असणार, मला तर वाचूनही वाटलं. पण त्याच्यामुळेच आज पाद्रीचा पगार त्याचं गाव श्रीमंत की गरीब यावर ठरत नाही.

आज कसं चालतं तर प्रत्येक पॅरिश दरवर्षी डायोसीसला एक रक्कम देते. कुठे तिला पॅरिश शेअर म्हणतात, कुठे कॉमन फंड. त्यातून पाद्रींचा पगार, घर, पेन्शन, नव्यांचं ट्रेनिंग. कायद्याने सक्ती नाही! मला आधी हे खरंच वाटेना, सक्ती नाही तर देतात कशाला? ट्रेझरर बाई म्हणाली नाही दिलं तर यावर्षी काही होत नाही, व्हिकरचा पगार त्याला मिळतोच, पण ते कमी पडलेले दुसऱ्या कुठल्यातरी गावाने भरले असा त्याचा अर्थ, आणि सगळीकडेच कमी पडायला लागलं की मग एखादा व्हिकर रिटायर झाल्यावर त्याची जागा भरत नाहीत. म्हणून तिची कमिटी वीज-बिलाच्या आधी हा वाटा बाजूला काढायची.

कोणी म्हणेल इंग्लंडच्या चर्चकडे एवढा पैसा असताना गावाकडून मागायचा कशाला. त्या चर्च कमिशनर्सकडे दहा अब्ज पौंडांच्या वर मिळकत आहे हे खरं. पण तिचं उत्पन्न पाद्रींच्या १९९७ पर्यंतच्या नोकरीच्या पेन्शनला, बिशप आणि कॅथीड्रलच्या खर्चाला, गरीब विभागांना मदत आणि नव्या कामाला ग्रँट म्हणून जातं. गावातल्या आजच्या पाद्रीचा बराचसा भार गावातल्याच माणसांच्या पाकिटांवर आहे.

वाटा काढायची पद्धत प्रत्येक डायोसीसची वेगळी. उदाहरणच द्यायचं तर समजा पाच गावांना मिळून १०० रुपये द्यायचेत आणि नियमित येणारी माणसं ४०, २५, १५, १२ आणि ८ आहेत. नुसती माणसं मोजली तर तेवढेच रुपये. पण २५ वाल्या गावात शेतमजूर राहतात आणि १२ वाल्या गावात शहरातून येऊन बंगले घेतलेले रिटायर लोक, मग माणूस मोजून न्याय होत नाही, म्हणून कुठे कुठे त्या भागातल्या सरासरी कमाईवरून माणसामागचा आकडा कमीजास्त करतात. कुठे उलटं करतात, तुमच्या गावाच्या पाद्रीचा खरा खर्च इतका आहे असं सांगतात आणि तुम्ही किती देऊ शकता ते तुम्हीच कळवा म्हणतात. काही ठिकाणी डायोसीस हा आकडा गावाला न देता पंधरा-वीस गावांच्या गटाला, म्हणजे डीनरीला देतं, आणि कोणी किती ते गावांनी आपसात बसून ठरवायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. पण मला ते सगळ्यात चांगलं वाटलं, कारण समोरासमोर बसून सांगावं लागतं की आमच्या छपराचं शिसं चोरीला गेलं, यावर्षी आमचं थोडं कमी घ्या, आणि दुसऱ्याला मान हलवून ते घ्यावं लागतं किंवा तोंडावर नाही म्हणावं लागतं.

पद्धत कुठलीही असो, कागद सगळ्यांना मिळतो. कोणी किती द्यायचं होतं आणि कोणी किती दिलं. आमच्या तीन मीटिंगमध्ये हा कागद कधी निघालाच नाही, प्रत्येक कमिटीने आपला आकडा मुठीत ठेवला आणि दुसऱ्याचा आकडा अंदाजाने सांगितला. एकतीस वर्षं हिशेब करून मी तिथे गप्प बसले, आधी सगळ्यांची वही उघडा मग वाटा काढूया असं म्हटलं नाही, याची मला खंत आहे.

दुसरी गोष्ट फंडाची. कोणी घंटेसाठी पैसे दिले तर ते घंटेलाच, त्यातून हीटर नाही घ्यायचा, कमिटीने ठरवलं तरी नाही. कायदाच आहे. त्याला ते रिस्ट्रिक्टेड फंड म्हणतात आणि वहीत त्याचा कॉलम वेगळा. पाच गावं एकत्र आली तरी त्या कॉलमला कोणी हात लावत नाही. एकत्र खातं वेगळं, त्यात व्हिकरचा प्रवासखर्च, एक अर्धवेळ क्लार्क, प्रिंटर, मुलांच्या ग्रुपचं सामान. छप्पर ज्याचं त्याचं. २०२० पासून त्यांच्या नियमांत जोडलेल्या पॅरिशना एक जॉइंट कौन्सिल करायची पण सोय आहे, कुठली कामं तिच्याकडे सोपवायची ते आधी लेखी ठरवायचं, न सोपवलेलं गावाकडे राहतं. आमच्या मीटिंगमध्ये कौलांची जी भीती होती ना, तिचं औषध हेच होतं, एक कागद आणि दोन कॉलम.

लग्नाची आणि मयताच्या प्रार्थनेची फी पण बघा. अख्ख्या चर्चला एकच दर, छापलेला. त्याचा एक भाग त्या चर्चच्या कमिटीला, एक भाग डायोसीसच्या खात्यात. म्हणजे बंगल्यातल्या लग्नाला गेला काय आणि मजुराच्या मयताला गेला काय, पाद्रीला त्यात फरक पडायचं कारण नाही. आमच्या भटजीला चवथीच्या सकाळी कुठल्या घरी आधी जायचं या प्रश्नाने दरवर्षी घाम फुटतो. तो माणूस वाईट नाही हो, त्याचं पोट त्या दक्षिणेवर आहे म्हणून तसं होतं.

एकत्र असल्याचे लहान लहान फायदे पण आहेत. वीज एकत्र घेतात, पॅरिश बायिंग नावाची व्यवस्था आहे, शेकडो चर्च मिळून दर ठरवून घेतात. टॅक्स भरणाऱ्याने एक पौंड दिला तर सरकार वर २५ पेन्स घालतं, त्याला गिफ्ट एड म्हणतात, पण त्याचे फॉर्म भरायला माणूस लागतो आणि लहान गावात तो नसतो, तर पाचांपैकी एका गावातली बाई पाचांचे फॉर्म भरते. महिन्याला बँकेतून आपोआप दान जायची स्कीम ग्लॉस्टर डायोसीसमध्ये निघाली ती आता कितीतरी ठिकाणी चालते, ट्रेझररला दारोदार पाकिटं गोळा करत फिरावं लागत नाही. माझ्या त्या बाईचे गुडघे गेलेत, तिला याचं मोल विचारा.

आता मिशन. या शब्दाला गोव्यात कान टवकारतात आणि त्याला कारण आहे, फोंड्यातली आमची देवं इथे का आली, पोर्तुगीजांच्या बाटवाबाटवीच्या वेळी तिसवाडी आणि साष्टीतून रात्री का निघाली ते आम्हाला घरात लहानपणी सांगतात. म्हणून मी त्या बाईला सरळ विचारलं की मिशन म्हणजे आम्हाला बाटवणार का. तिला माझा प्रश्न लागला असेल, पण तिने नीट उत्तर दिलं. अँग्लिकन लोकांनी मिशनच्या पाच खुणा ठरवल्यात, चार १९८४ मध्ये आणि पाचवी १९९० मध्ये. पहिली येशूची शुभवार्ता सांगणं हीच, हे ती बाई लपवत नाही. दुसरी नव्याने विश्वासात आलेल्यांना शिकवणं, सांभाळणं. पण तिसरी माणसाच्या गरजेला धावून जाणं, चौथी अन्यायाच्या रचना बदलणं, आणि पाचवी सृष्टी राखणं. तिच्या गावात मिशन म्हणजे गुरुवारचा मुलांचा ग्रुप, फूड बँकेचा डबा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना महिन्यातून एकदा जेवण. पाच गावांनी एकत्र बसून मिशन अॅक्शन प्लॅन नावाचा कागद केला होता, चार पानं, त्यात कुठल्या गावात काय आधीच चाललंय ते लिहिलं आणि मग ठरवलं की म्हाताऱ्यांचं जेवण पाच ठिकाणी करायचं नाही, ज्या हॉलमध्ये चांगलं किचन आणि व्हीलचेअर जाईल असं दार आहे तिथेच करायचं, बाकीच्या चार गावांनी गाडीतून आणून सोडायचं. मला वाटतं या प्लॅनमुळेच पैशाचं जमलं. नुसता खर्च वाटून घ्या म्हटलं की प्रत्येकजण हात मागे घेतो, एक काम समोर ठेवलं की बोलणं वेगळं होतं. आमच्या तीन मीटिंगमध्ये आम्ही फक्त भटजीचा पगार बोललो, पाच वाड्यांनी मिळून करायचं म्हणून एकही काम समोर नव्हतं.

असं नाही की तिथे सगळं गोड आहे, तसं लिहिलं तर खोटं होईल. अख्ख्या इंग्लंडच्या चर्चमध्ये ४२ डायोसीस, सुमारे १२,५०० पॅरिश आणि १६,००० च्या आसपास इमारती, आणि येणारी माणसं कमी होतायत. मग वरून योजना येतात. लेस्टर डायोसीसने २०२१ मध्ये ठराव केला की आपल्या २३४ पॅरिशचे २० ते २५ मोठे गट करायचे, मिन्स्टर कम्युनिटी म्हणतात त्यांना. विगनमध्ये तर २९ पॅरिशच्या ७ पॅरिश केल्या. वेल्सच्या अँग्लिकन चर्चमध्ये (ते इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं) २०१२ च्या एका अहवालानंतर जुन्या पॅरिशच्या जागी मोठे मिनिस्ट्री एरिया आले. याच्या विरोधात २०२१ च्या ऑगस्टमध्ये लंडनला सेव्ह द पॅरिश म्हणून चळवळ उभी राहिली, त्यांचं म्हणणं की गावाचा पाद्री काढून घेता आणि ऑफिसं वाढवता, मग लोक पाकीट कोणासाठी टाकणार. मला यातलं पुष्कळ पटतं. माझ्या ट्रेझरर बाईलाही पटत होतं. पाच गावं तिला चालतात, कारण पाचांतल्या प्रत्येक चर्चवॉर्डनचं घर तिला माहीत आहे, पण पंचवीस झाली तर मी कोणाला फोन करू असं ती म्हणायची. तो व्हिकर सुद्धा दमलेला दिसायचा, पाच कमिट्या म्हणजे पाच मीटिंगा, नाताळात तर एका रात्रीत तीन गावं. तेव्हा किती गावं जोडायची याला मर्यादा हवी, आणि ती चालत किंवा सायकलवर जाता येईल एवढीच असावी असं माझं मत आहे.

एक जुनी गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. १९६३ मध्ये कॅनडात टोरांटोला जगभरच्या अँग्लिकन लोकांचं अधिवेशन झालं, तिथे एक मसुदा आला, त्याचा सारांश असा की काही चर्च देणारी आणि काही घेणारी हे आता बंद, जबाबदारी एकमेकांची. ते त्यांनी देशादेशांतल्या चर्चसाठी म्हटलं होतं, पण वाडीला पण लागू पडतं. आमच्या मीटिंगमध्ये मोठ्या जत्रेवाली कमिटी आपण देणारी आहोत अशाच आवाजात बोलत होती आणि आम्ही लहान वाडीवाले घेणाऱ्यासारखे आवळून बसलो होतो. खरं तर आमच्या वाडीत फुलं आहेत, भजनाला पोरं आहेत, आणि हिशेब लिहायला मी आहे. यातलं काहीच आम्ही टेबलावर ठेवलं नाही.

हे आपल्याला नवीन आहे असं पण नाही. खाडीकाठची खाजन शेतं बघा. शेत ज्याचं त्याचं, पण बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) सगळ्यांची, कारण बांध एका जागी फुटला की खारं पाणी कोणाचं शेत विचारत नाही. गांवकारीत (गावच्या सामाईक जमिनीची जुनी व्यवस्था) सुद्धा जमीन गावाची आणि जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, माणशी ठरलेला. आपल्या वाडवडिलांना वाटा काढता येत होता. देवळांच्या बाबतीत १९३३ चं देवस्थान रेग्युलेशन पोर्तुगीज काळापासून आहे, मामलेदाराकडे बजेट आणि हिशेब द्यावा लागतो, पण ते झालं एकेका देवस्थानाचं आणि सरकारचं. शेजारच्या दोन कमिट्यांनी एकमेकींना वही दाखवावी ही सवय आपल्यात नाही. आणि इथल्या कॅथलिक शेजाऱ्यांकडे फाब्रिका (चर्चचा पैसा सांभाळणारी कमिटी) आहे, त्यांच्याकडूनही कोणाला विचारायचं असेल तर लाज कसली?

मी देवळं एक करा असं अजिबात म्हणत नाही. देव वेगळा, देवाला लावायचा कौल वेगळा, राखणदार वेगळा, जत्रेची तिथी वेगळी, ते तसंच राहायला हवं, त्यात हात घातला तर मीच पहिली उठून जाईन. मी म्हणते भटजी, त्याचा विमा, हिशेब लिहिणारा माणूस, मांडव आणि साऊंड, आणि एखादं काम, समजा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बघणं (आमच्याकडे पोरं लंडनला आणि आई-बाप इथे अशी घरं वाढतायत, माझं पण त्यातलंच), एवढं एकत्र करा. आणि वाटा काढायच्या आधी पाचही वह्या एका टेबलावर उघड्या ठेवा.

आमच्या पाच कमिट्यांना मी चवथीनंतरच्या रविवारी माझ्या घरी बोलावलंय. कागद तयार केलाय, एका बाजूला ज्याचं त्याचं, दुसऱ्या बाजूला सगळ्यांचं, आणि वाट्याच्या तीन पद्धती आकड्यांसकट मांडल्यात, घरं मोजून, आवक बघून, आणि दोन्हीचं अर्धं-अर्धं. तीन कमिट्यांनी येतो म्हणून कळवलंय, दोघांचं अजून उत्तर नाही, त्यांच्याकडे मी परत जाणार आहे. तुमच्या वाचकांपैकी पेडणे, सत्तरी, काणकोण कुठेही दोन-तीन देवळांनी मिळून एक पुजारी ठेवला असेल आणि ते टिकलं असेल, किंवा मोडलं असेल तरी, तर वाटा कशावरून काढला आणि वाद कुठे झाला ते याच पानावर लिहावं ही विनंती. रविवारच्या आधी छापून आलं तर पत्राचं कात्रण मी त्या कागदाबरोबर टेबलावर ठेवीन.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस
फोंडा, गोवा